राख वाहून गेली, गोष्ट उरली

दरवर्षी जूनमध्ये शाळेत प्रवेश देताना मुलाचे नाव, गाव, जात, मातृभाषा असे रकाने मी भरतो. आमच्या सीमाभागात मातृभाषेच्या रकान्यापाशी काही पालक क्षणभर थबकतात. अशा वेळी इतिहासाच्या अभ्यासात भेटलेला एक कैदी मला हटकून आठवतो.

इ. स. १७७ मध्ये रोमन साम्राज्यातील लुग्दुनुम, म्हणजे आजच्या फ्रान्समधील ल्यों, या शहरात ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली. ही माणसे नरमांस खातात, अशी कंडी पिकली होती. सांक्टुस नावाच्या कैद्याचा छळ करून त्याला विचारले गेले : नाव काय, गाव कोणते, कुठल्या लोकांतला, दास की स्वतंत्र? प्रत्येक प्रश्नाला त्याने लॅटिनमध्ये एकच उत्तर दिले : मी ख्रिस्ती आहे.

हे कळते ते तिथल्या मंडळीने आशिया व फ्रिजिया प्रांतांतील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील, बांधवांना धाडलेल्या पत्रामुळे. पत्र ग्रीक भाषेत, त्यातले हे उत्तर लॅटिनमध्ये आणि भोवतालच्या मुलखाची बोली गॉलिश! या लोकांना ना स्वतःची भूमी होती, ना राजाश्रय. मग त्यांना 'आपण' म्हणायला कोणी शिकवले? मला वाटते, गोष्टीने.

या पत्राची नायिका आहे ब्लांदिना नावाची दासी. हिचा टिकाव लागणार नाही, अशी धास्ती तिच्याबरोबर बंदीत असलेल्या मालकिणीलाही होती. पण छळणारे दमले, ती दमली नाही. तिला खांबाला टांगले तेव्हा सोबत्यांना तिच्यात क्रूसावरचा ख्रिस्त दिसला. मुलांना धीर देऊन पुढे पाठवणाऱ्या मातेची उपमा पत्र तिला देते. ती वाचताना ज्यू परंपरेतील सात पुत्रांची आई आठवते. जुन्या गोष्टीच्या कोंदणात नवी गोष्ट बसली आणि समाजाच्या पंगतीत शेवटी बसणारी बाई कथेत पहिल्या पाटावर आली.

सुमारे दहाजण आरंभी कचरले, हेही पत्र लपवत नाही. त्यांच्यासाठी सोबत्यांनी अश्रू ढाळले, त्यांना तोडले नाही. माघार घेतलेल्यांतले बहुतेक परत आले.

मागे काहीच उरू नये म्हणून प्रेते जाळून राख रोन नदीत टाकण्यात आली. कबर नाही, समाधी नाही. उरले पत्र. पुढे चौथ्या शतकात युसेबियसने आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात त्यातले उतारे घेतले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले.

इतिहासाच्या मास्तराने दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या शहराला चवताळून एकत्र आणणारी कंडी हीदेखील एक गोष्टच होती. आणि हे पत्रही त्या जमावाला रानटी ठरवते. गोष्टीतून 'आपण' घडतो, तसे कुंपणापलीकडचे 'ते'ही घडतात.

दोन भाषांच्या गावात राहणाऱ्या आपण हे विसरू नये. मुलांना आपल्या माणसांच्या गोष्टी जरूर सांगाव्यात. त्यांत दासीला पाट असावा, कचरलेल्याला परतीची वाट असावी. शेजाऱ्याविषयीची कंडी मात्र आपल्या ओसरीवरच थांबवावी.