नाव घालून मिळेल

आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार म्हणून घरातल्या सगळ्यांनी आपापल्या नावाचे टी-शर्ट घालायचे, ही कल्पना आमच्या कन्येची. त्या कल्पनेला विरोध करायचा, ही कल्पना माझी. दोन्हींतली कोणती मंजूर झाली हे संसारी वाचकांना सांगायला नको.

माझा विरोध तात्त्विक होता. म्हणजे पैशांचा होता. एक टी-शर्ट ४९९ रुपयांना, आम्ही माणसं पाच, झाले २,४९५. यावर कन्येनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. सहा घेतले तर चाळीस टक्के सूट! एकवीस वर्षं बँकेत खर्डेघाशी केल्यामुळे मला असे हिशेब तोंडी येतात. सहांचे होत होते १,७९६ रुपये ४० पैसे. म्हणजे पाच घेण्यापेक्षा सहा घेणं जवळजवळ सातशे रुपयांनी स्वस्त. बी. कॉम.च्या तीन वर्षांत हे मला कुणीही शिकवलं नव्हतं.

"पण सहाव्यावर नाव कुणाचं?"

"बघते काहीतरी," कन्या म्हणाली.

'काय ही आजकालची फॅडं!' असं मी म्हणणार होतो, तेवढ्यात मला कार्ल्याची लेणी आठवली आणि वाक्य गिळावं लागलं. तिथल्या चैत्यगृहातल्या कितीतरी खांबांवर अक्षरं कोरलेली आहेत. सहलीला आलेल्या पोरांचा उद्योग असेल असं वाटतं, पण ती निघतात दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावं. हा खांब अमक्यानं दिला, तो तमक्यानं दिला. त्यात धेनुकाकट गावचे यवनसुद्धा आहेत. वैजयंतीचा भूतपाल नावाचा शेठी तर, जंबुद्वीपातलं सर्वांत उत्तम शैलगृह आपण पुरं केलं, असंच कोरून मोकळा झाला आहे. शेठी म्हणजे पेढीवाला, थोडक्यात आमच्याच धंद्यातला. आम्ही शाखेला पंखा दिला तरी पात्यावर नाव घालतो, ते काही उगाच नाही.

नाशिकच्या लेण्यातला एक लेख तर मी एखादं लेजर तपासावं तसा तपासला आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं ३,००० कार्षापणं गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेवली. (जावई असून देतो आहे, घेत नाही, हे इतिहासातलं आणखी एक आश्चर्य.) पैकी २,००० दरमहा शेकडा एक दरानं, १,००० शेकडा पाऊण दरानं. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढं वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापणं. मी मांडून पाहिलं. वर्षाचं व्याज २४०, भागिले वीस, बरोबर बारा! एकोणीसशे वर्षांपूर्वीची एंट्री, पण एका कवडीचा फरक नाही. कपडा भेट द्यावा आणि भेट देणाऱ्याचं नाव कुठेतरी ठळक दिसावं, ही सोय आमच्या कन्येच्या मोबाइलपेक्षा बरीच जुनी आहे.

आमच्या तासगावात डोंगर कोरण्याइतकी ऐपत कुणाची नव्हती, म्हणून लोकांनी भांडी कोरली. लग्नसराईत आणि ऋषिपंचमीच्या रथोत्सवाच्या गर्दीत भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा बसलेला असे. मांडीवर तांब्या आडवा, एका हातात छिन्नी, दुसऱ्यात लहानशी हातोडी. टक्‌ टक्‌ टक्‌ करत टिंबाटिंबानं अक्षर उमटायचं. पुढे गुर्रगुर्र करणारं विजेचं मशीन आलं आणि ती टक्‌टक्‌ गेली. दर अक्षरावर असायचा. त्यामुळे मराठी माणूस जेवढा काटकसरीनं भांड्यावर लिहितो तेवढा पत्रातसुद्धा लिहीत नसे. 'सप्रेम भेट'मधला सप्रेम पुष्कळदा परवडत नसे.

आईच्या रुखवतातला पितळी तांब्या अजून घरात आहे. त्यावर 'कु. द्वारका' एवढंच आहे. सावळजचे आमचे आजोबा त्या कारागिराशी अर्धा तास भांडले होते म्हणे. तो म्हणे, 'द्वा'ची दोन अक्षरं धरणार. आजोबा म्हणत, एकच. शेवटी जोडाक्षर एकात बसलं आणि 'कु.' मधलं टिंब फुकट मिळालं.

आणि १९७१ सालच्या त्या लग्नात, ताटातल्या तांदळांत अंगठीनं 'मालिनी' लिहून सासरच्यांनी नाव बदललं. त्या दुपारनंतर द्वारका नावाची मुलगी फक्त भांड्यांवर उरली.

हे आमच्याकडे कुणाला विशेष वाटत नाही. द्राक्षाचंच पाहा. इराणकडची किसमिस म्हणावी अशी बिनबियांची वेल. अमेरिकेत गेली, तिथे १८७०च्या दशकात विल्यम थॉम्पसन नावाच्या माणसानं लावली आणि ती 'थॉम्पसन सीडलेस' झाली. ती इकडे आली. आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्यानं तिच्यातून निवड करून नवा वाण काढला, त्याचं नाव 'तास-ए-गणेश'. दर सासरी वेगळं नाव! आम्हाला त्या वाणाचा अभिमान आहे. त्या वेलीला माहेरी काय म्हणत असतील, असं तासगावच्या बाजारात बेदाण्याचा सौदा करताना कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मीही आईला कधी विचारलं नव्हतं.

पार्सल वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी आलं. आईचा टी-शर्ट उघडला. छातीवर झोकदार अक्षरांत 'मालनिी'. पहिली वेलांटी आपलं अक्षर सोडून शेजारी राहायला गेलेली. मी तक्रारीसाठी फोन लावला. नाव घातलेला माल परत घेतला जात नाही, असं एका गोड आवाजानं सांगितलं. मी त्याला पायरीवरच्या कारागिराची हकीगत सांगायला लागलो, तर त्यानं माझं समाधान झालं का ते एक ते पाच आकड्यांत विचारलं.

"अजून सहावा आहे," कन्या म्हणाली. सूट मिळवण्यासाठी काहीतरी लिहायला हवं म्हणून तिनं समोर दिसलेल्या तांब्यावरचं लिहून टाकलं होतं. "पप्पा, ही द्वारका कोण?"

जोडाक्षर अगदी जागेवर होतं.

आईनं चष्मा पुसला. टी-शर्ट हातात घेऊन अक्षरांवरून अंगठा फिरवला, भांड्यावरचा खवला चाचपावा तसा. मग उभी राहिली आणि पातळावरूनच अंगाला लावून पाहिला.

"सैल होतोय," ती म्हणाली. "पण एका धुण्यात आटेल."