पांढऱ्या कोनचे स्पीकर आणि घरचं मिक्सिंग

आत येताना एका तरुण मित्राने विचारलं, "सर, घरीच मिक्सिंग करायचंय. मॉनिटर कुठले घेऊ आणि पॉवर अ‍ॅम्प किती वॉटचा?" त्याला म्हटलं, उत्तर १९७८ पासून सुरू होतं, जरा बसून ऐक.

आधी माझी फजिती सांगतो. माझ्या पहिल्या भजनांच्या मिक्ससाठी मी कानाला गोड लागणारे स्पीकर घेतले आणि खोलीच्या कोपऱ्यात ठेवले. कोपऱ्यात खर्ज फुगतो, म्हणून मी तो कापत गेलो. गायकबुवांनी ते घरच्या डेकवर ऐकलं आणि एवढंच विचारलं, "पखवाज कुठे गेला?" कणीक लावलेली ती भरदार बाजू मीच पुसून टाकली होती. आजचा विषय हाच आहे: मॉनिटर गोड बोलणारा हवा की खरं सांगणारा?

जुन्या मोठ्या स्टुडिओंत भिंतीत बसवलेले मोठे मॉनिटर असत, उदाहरणार्थ १५ इंची आल्टेक ६०४. पण लोक ऐकणार रेडिओवर, नाहीतर गाडीत. म्हणून कन्सोलवर ऑराटोनचे छोटे चौकोनी डबेही आले. पुढे इंजिनिअर एका स्टुडिओची नोकरी सोडून गावोगावच्या स्टुडिओंत फिरू लागले. प्रत्येक खोलीचा आवाज वेगळा, मग विश्वास कशावर ठेवायचा? स्पीकर हाताच्या अंतरावर ठेवला की थेट आवाज जास्त आणि खोलीचा वाटा कमी होतो. सगळीकडे सारखीच दिसेल अशी एक छोटी जोडी हवी होती.

ती जोडी झाली यामाहा एनएस-१०. गंमत अशी की १९७८ मध्ये तो आला दिवाणखान्यासाठी. रचनाकार अकिरा नाकामुरा. बंद पेटी आणि पांढऱ्या कोनचा १८ सेंटिमीटरचा वूफर. हौशी श्रोत्यांना तो फारसा भावला नाही. स्टुडिओत मात्र बॉब क्लिअरमाउंटनसारख्या इंजिनिअरांनी तो कन्सोलवर ठेवला आणि बघता बघता तो जगभर पसरला. वरचा स्वर टोचायचा, म्हणून ट्वीटरवर चक्क टिश्यू पेपर लावला जाई! १९८७ मध्ये यामाहानेच स्टुडिओसाठी सुधारित आवृत्ती काढली.

पण हाच का? त्याचा आलेख काही सपाट नव्हता. खोल खर्ज कमी, मधले स्वर उठलेले. २००१ मध्ये इंग्लंडमधल्या साउदम्प्टन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी यावर निबंध लिहिला. बंद पेटीमुळे त्याचा आवाज चटकन थांबतो, मागे घुमत राहत नाही, हे त्यांनी दाखवलं. ठोका आणि त्याची शेपटी वेगवेगळी ऐकू आली की खर्जाचा निर्णय चुकत नाही. माझा पखवाज तिथे वाचला असता.

आता अ‍ॅम्पकडे. या स्पीकरच्या पोटात अ‍ॅम्प नव्हता, तो वेगळा घ्यावा लागे. किती वॉटचा? हिशेब करू. एक वॉट दिला की एक मीटरवर तो साधारण ९० डेसिबल देतो. घरी आपण सरासरी ८० च्या आसपास ऐकतो, म्हणजे वॉटचा दहावा भाग! पण तबल्याची थाप सरासरीच्या २० डेसिबल वर उसळू शकते. २० डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती, तरी झाले दहाच वॉट. म्हणून ५० ते १०० वॉटचा चांगला अ‍ॅम्प घरी पुरून उरतो. वॉट दुप्पट केले तरी फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा. उलट लहान अ‍ॅम्प फार ताणला की लहरींचे माथे कापले जातात, त्यातून उच्च स्वर जन्मतात आणि ट्वीटर जळतो. मोठ्या अ‍ॅम्पपेक्षा ताणलेल्या अ‍ॅम्पची धास्ती बाळगा.

दुसरी वाटही १९७८ मध्येच निघाली. फिनलंडमध्ये जेनेलेकने तिथल्या सरकारी रेडिओसाठी एस३० हा मॉनिटर केला, अ‍ॅम्प पेटीतच. आज घरासाठी मिळणारे बहुतेक मॉनिटर याच वाटेचे. त्यामुळे मित्रा, तुझा अर्धा प्रश्न तिथेच सुटला.

कोनसाठी लागणारा लगदा मिळेनासा झाला आणि २००१ मध्ये एनएस-१० चं उत्पादन थांबलं. २००८ मध्ये त्यासाठी यामाहाला तांत्रिक ग्रॅमी मिळालं. दिवाणखान्यात नापास झालेल्या स्पीकरला!

तेव्हा एनएस-१० शोधत जुन्या बाजारात फिरू नकोस. तुझ्या बजेटातली साधी जोडी घे, कोपऱ्यातून बाहेर काढ, कानाच्या उंचीवर ठेव. दोन स्पीकर आणि तू, समभुज त्रिकोण. मग तुला पाठ असलेली गाणी महिनाभर त्यावर ऐक. त्या इंजिनिअरांनी जग जिंकलं ते स्पीकर उत्तम होता म्हणून नाही. तो कुठे खोटं बोलतो हे त्यांना ठाऊक होतं म्हणून.