ले-आऊट, आबादी आणि झुडपी जंगल

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे ‘ले-आऊट’ हा शब्द केव्हाच मराठी झाला आहे. सावलीत, मूलमध्ये, वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत कोणी ‘ले-आऊटमध्ये घर बांधले’ म्हणाला की ऐकणाऱ्याला काय ते समजते. नोकरी आहे, कर्ज मिळाले आहे, कागद पक्के आहेत. याच गावांत ‘आबादी’ आणि ‘अतिक्रमण’ असे आणखी दोन शब्द चालतात. हे तिन्ही शब्द सरकारी दप्तरातले. पण कोणाच्या वाट्याला कोणता शब्द यावा, हे दप्तर उघडण्यापूर्वीच ठरलेले होते.

ले-आऊट मंजूर करण्याचे नियम वाचावेत. ते वाईट नाहीत. १९६६ साली महाराष्ट्राने दोन कायदे केले, जमीन महसूल संहिता आणि प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. शेतजमिनीवर घरे बांधायची तर ती अकृषिक करून घ्या, मोजणी करा, रेखांकन काढून नगररचना खात्याकडून तपासून घ्या, रस्ते, नाल्या, खुली जागा दाखवा, आधी तात्पुरती मंजुरी, कामे झाल्यावर अंतिम. २०२० च्या एकत्रित नियमावलीप्रमाणे ४००० चौरस मीटरपासून पुढच्या रेखांकनात १० टक्के जागा खुली सोडावी लागते. माणसाला रस्ता, उजेड, मुलांना खेळायला जागा हवी, असे हे नियम म्हणतात. महारवाड्याबद्दल हे कोणी कधी म्हटले होते?

परंतु या नियमांचा पहिला कागद सातबारा आहे. अर्ज जमीनमालकाने करायचा. ज्याच्याजवळ जमीन नाही, त्याला नियोजनाच्या कायद्यात अर्जदार म्हणून जागा नाही. तो कायद्याला भेटतो तो नोटीस बजावली जाते तेव्हा.

सातबारा कोणाजवळ आला हे समजून घेण्यासाठी मालगुजारीत जावे लागते. मध्य प्रांतात गावाचा मालक मालगुजार. आबादीची जागाही त्याच्याच हाती. १९१७ च्या महसूल कायद्याने गावात राबणाऱ्या शेतमजुराला आणि कारागिराला आबादीत घरापुरती जागा विनामूल्य मिळण्याचा हक्क दिला होता, ही गोष्ट आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. हक्क कायद्यात होता, जागा मालगुजार दाखवील ती. आणि तो कुठे दाखवणार? गावाबाहेर, उतारावर, जिथे पावसाळ्यात गावचे पाणी येऊन थांबते तिथे.

१९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी गेली. मालगुजाराचा वाडा, आवार आणि घरची शेती मात्र त्याच्याकडेच राहिली. गावाला लागून असलेली चांगली जमीन बहुधा यातच होती. ज्याचे झोपडे उभे होते त्याला झोपड्याखालची जागा राहिली. पुढे दोन्ही घरांत मुले झाली. एका घराने शेताचे प्लॉट पाडले. दुसऱ्या घरातला धाकटा भाऊ गावाच्या कडेला मोकळ्या सरकारी जागेवर कुडाची भिंत उभारून राहिला. पहिल्याला विकास म्हणतात.

१९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन सावलीत भरले, गांधीजी आले, खादीचे हे केंद्र देशाला ठाऊक झाले. त्याच वर्षी बाबासाहेबांचे जातिसंस्थेच्या उच्छेदाविषयीचे, न झालेले भाषण छापून आले. आणि त्याच वर्षी नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा झाला. शहराची आखणी हा सरकारच्या कर्तव्याचा भाग ठरला. खेड्याची आखणी मात्र कोणालाच सुचली नाही. सूत कातणाऱ्या हातांची चर्चा झाली. ते हात राहतात कुठे, हा प्रश्न अधिवेशनाचा झाला नाही.

तो प्रश्न नागपुरातच उभा राहिला, पण आपल्या मंचावर. १८-१९ जुलै १९४२ च्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेने स्वतंत्र वसाहतींचा ठराव केला. हिंदू खेड्यांपासून दूर, त्यांच्यावर अवलंबून नसलेली नवी गावे सरकारने वसवावीत. १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी त्याची यंत्रणाही मांडली: एक वसाहत आयोग असावा, पडीक सरकारी लागवडयोग्य जमीन त्याच्या ताब्यात द्यावी, गरज पडल्यास खाजगी जमीन विकत घ्यावी, आणि दरवर्षी पाच कोटी रुपये द्यावेत. आमचे नगररचनेचे विद्यार्थी परदेशी उद्याननगरांची चित्रे पाहतात. या आराखड्याचे नावही त्यांच्या कानावर जात नाही. या देशात जमीन नसलेल्याला अर्जदार मानणारा नियोजनाचा हा विचार राज्यघटनेत आला नाही. १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले, तेही याच पडीक जमिनीसाठी.

पूर्व विदर्भात त्या पडीक जमिनीचे काय झाले? मालगुजारी गेल्यावर गावोगावची खुरटी, गुरे चारण्याची, जळाऊ लाकडाची जमीन महसूल दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदली गेली. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर आणि विशेषतः सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर केंद्राच्या परवानगीशिवाय तिला हात लावणे बंद झाले. २२ मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने झुडपी जंगल हे वनच असल्याचे ठरवले. मात्र १९९६ च्या त्या तारखेपूर्वी वाटप झालेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राकडे एकत्रित मंजुरी मागावी असे सांगितले. याच जमिनींवर नागपूरच्या उच्च न्यायालयाची इमारत आहे, सरकारी कचेऱ्या आहेत, स्मशानेही आहेत. न्यायालय आणि झोपडे यांचा सर्व्हे नंबरचा प्रकार एक निघाला. नोटिशीची भीती मात्र एकालाच होती.

बेकायदा घरांतही वर्ण आहेत. शेतमालकाने परवानगी न घेता गुंठ्या-गुंठ्याने शेत विकले तर त्याला ‘गुंठेवारी’ म्हणतात. २००१ च्या कायद्याने १ जानेवारी २००१ पूर्वीचे असे प्लॉट शुल्क भरून नियमित करता आले. २०२१ साली ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. भूमिहीनाच्या घराला ‘अतिक्रमण’ म्हणतात. खेड्यातील सरकारी जमिनीवरच्या अशा घरांसाठी २०१८ साली ठरलेली तारीख १ जानेवारी २०११ होती. तारखा सरकल्या, पण ज्याचा सातबारा होता त्याच्यासाठी. अल्प उत्पन्नगटाला रेखांकनात वाटा देण्याची अट नियमावलीत आहे, परंतु ती दहा लाखांवर लोकसंख्येच्या महानगरपालिकांपुरती. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालेल्या सावलीला ती शिवतही नाही.

अमेरिकेत १९१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रंगावरून मोहल्ले वेगळे करणारा लुइव्हिल शहराचा नियम रद्द केला. मग गोऱ्यांनी तीच अट खरेदीखतात लिहिली. १९४८ पर्यंत न्यायालये ती अमलातही आणीत. आपल्याकडे खरेदीखतात जात लिहावी लागत नाही. सातबाऱ्याचा इतिहास पुरेसा आहे.

येथे आपल्या शिकलेल्या वर्गालाही विचारले पाहिजे. नोकरी लागली की आपण ले-आऊटमध्ये जातो, आणि जाण्याचा हक्क आपल्याला आहेच. आपल्यामागे राहिलेल्या बौद्ध मोहल्ल्याच्या नाल्या मात्र जयंतीच्या वर्गणीने बांधल्या जात नाहीत. आबादीची हद्द वाढवा, अशी मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे संहितेच्या कलम १२२ खाली करता येते. किती गावांतून असे अर्ज गेले? रमाई घरकुल मंजूर होऊनही जागा नाही म्हणून अडते, तेव्हा मोर्चा घरकुलाचा निघतो, जागेचा निघत नाही.

जागा मागायला गेले की पुरावा मागतात. वनहक्क कायदा २००६ चा. आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. दलितांसह इतर सर्वांना त्या तारखेपूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती सिद्ध करावी लागते. ७५ वर्षे मागे गेले की १९३० साल येते. तेव्हा आबादीतली जागा मालगुजाराच्या तोंडी शब्दावर मिळत होती, आणि तोंडी शब्दाची नक्कल निघत नाही. म्हणून सरकारी जमिनीवर राहणारी माणसे अतिक्रमणाच्या दंडाची जुनी पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवतात. आपण इथेच राहत होतो असे सरकारने स्वतःच्या सहीने लिहून दिलेला, बहुतेकांजवळचा तेवढाच कागद आहे.