बावीस श्रुती आणि एक पेटी

मार्च १९१६ मध्ये बडोद्यास महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यापुढे आलेल्या विषयांत एक विषय वस्तुरूपाने समोर होता. तो म्हणजे सप्तकाच्या बारा स्वरांऐवजी बावीस श्रुतींसाठी जुळविलेली पेटी. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांच्या मोजमापांचा तिला आधार होता, आणि मुंबई इलाख्याच्या न्यायखात्यातील सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स तिचे पुरस्कर्ते होते. विरोधी पक्षाचे धुरीण पंडित विष्णु नारायण भातखंडे होते. तेही मूळचे वकील. ज्यांनी जन्मभर जमीन मोजली, निवाडे दिले किंवा पक्ष मांडले, अशा तीन गृहस्थांत गायकाच्या कंठातील गांधाराविषयी हा वाद झाला. या वादाला पुढे जे वळण लागले त्याचा उलगडा या योगायोगाने बराच होतो.

पेटीमागची गणिती दृष्टी युरोपातील होती. हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ मध्ये ध्वनिसंवेदनेवरील आपल्या ग्रंथात स्वरसंवादाचा उगम उपस्वरांच्या मेळात दाखविला. आंदोलनसंख्यांची गुणोत्तरे जितकी साधी तितका संवाद मधुर, हे सूत्र त्यामुळे सर्वतोमुखी झाले. या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर अलेक्झांडर एलिस यांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध केले. एलिस हे मूळचे ध्वनिविचाराचे अभ्यासक. सप्तकाचे बाराशे सूक्ष्म भाग पाडून अंतरे मोजण्याची ‘सेंट’ ही रीत त्यांचीच. त्यांचा स्वतःचा कान स्वरांच्या बाबतीत तयार नव्हता. ऐकण्याचे काम हिपकिन्स करीत आणि हिशेब एलिस करीत. विविध राष्ट्रांच्या स्वरसप्तकांवर त्यांनी १८८५ मध्ये जो निबंध वाचला, त्याचा निष्कर्ष मात्र हेल्महोल्ट्झच्या अनुयायांना रुचणारा नव्हता. निसर्गाने घालून दिलेले असे एकच सप्तक जगात नाही. सप्तके अनेक आहेत आणि ती माणसांनी आपापल्या रीतीने घडविली आहेत, असे त्यांना आढळले. भाषांतरकाराचा हा निष्कर्ष मागे पडला आणि भाषांतरित ग्रंथातील गुणोत्तरे हिंदुस्थानात प्रमाण मानली गेली, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

देवलांचे ‘हिंदू म्यूझिकल स्केल अँड द ट्वेंटी-टू श्रुतीज’ हे पुस्तक १९१० मध्ये निघाले. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातील स्वर तंतूच्या लांबीशी ताडून त्यांनी श्रुतींची गुणोत्तरे निश्चित केली. खाँसाहेबांची निवड यथायोग्यच होती. त्यांच्या स्वराच्या सच्चेपणाबद्दल पुढेही कोणी शंका घेतली नाही; शिवाय ज्या मिरजेशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ती तंबोऱ्यांच्या कारागिरीचे माहेरच. परंतु गळ्यातून निघालेले स्वर आणि पुस्तकात छापलेली गुणोत्तरे यांच्यामध्ये एक गृहीत बसले होते. भरताच्या श्रुती म्हणजेच हेल्महोल्ट्झच्या नैसर्गिक सप्तकाचे घटक होत, हे ते गृहीत. क्लेमेंट्स यांच्या १९१३ च्या पुस्तकात तेच अधिक विस्ताराने आले.

हे गृहीत नीट तपासण्याजोगे आहे. नाट्यशास्त्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात भरताने दोन सारख्या जुळविलेल्या वीणा घेण्यास सांगितले आहे. एक अचल राहते. दुसरीचा पंचम एका श्रुतीने उतरवावयाचा आणि बाकीचे स्वर त्याच्या अनुरोधाने बसवावयाचे. ही क्रिया दुसऱ्यांदा केली की उतरलेल्या वीणेचे गांधार-निषाद अचल वीणेच्या ऋषभ-धैवतांत मिळतात. तिसऱ्यांदा ऋषभ-धैवत षड्ज-पंचमांत मिळतात. चौथ्यांदा षड्ज, मध्यम व पंचम हे आपापल्या खालच्या स्वरांत विलीन होतात. यावरून दोन, तीन आणि चार श्रुतींची अंतरे सिद्ध होतात आणि एकूण बेरीज बावीस होते. या सर्व प्रयोगात एकही संख्या तंतूच्या लांबीची नाही. भरत कानाला साक्षीस बोलावतो, मोजपट्टीला नाही.

आता चार श्रुतींचे अंतर ९/८, तीन श्रुतींचे १०/९ आणि दोन श्रुतींचे १६/१५ असे मानले, तर षड्ज-पंचम व षड्ज-मध्यम हे संवाद तंतोतंत उतरतात. पण मग श्रुती सारख्या राहात नाहीत. काही सुमारे ९० सेंटच्या, काही ७० च्या, काही केवळ २२ च्या ठरतात. चारही वेळा ‘एक श्रुती उतरवा’ असेच सांगणाऱ्या वचनाचा असा अर्थ करावयाचा, तर दर वेळी उतरविण्याचे मान निराळे धरावे लागते, आणि भरताने तसे कोठेही म्हटलेले नाही. उलट सर्व श्रुती समान धरल्यास प्रत्येक श्रुती सुमारे ५४.५ सेंटची होते आणि तेरा श्रुतींचा पंचम ७०९ सेंटवर पडतो. शुद्ध संवादी पंचम ७०२ वर असतो. सात सेंटांचा हा फरक मोजयंत्रात मोठा दिसतो. जुळविणाऱ्याच्या हाताला व कानाला तो किती जाणवावा हा वेगळा प्रश्न आहे. यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने देवगिरीस संगीतरत्नाकर रचणाऱ्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात बावीस तारांची वीणा सांगितली. तीत प्रत्येक तार आधीच्या तारेपेक्षा इतकीच चढवावयाची की दोहोंच्या मध्ये तिसरा नाद राहू नये. येथेही कसोटी श्रवणाचीच आहे. ‘श्रुती’ हा शब्दच ‘श्रु’ धातूपासून आलेला. ऐकू येते ती श्रुती.

भातखंडे यांनी नेमके येथेच बोट ठेवले. प्राचीन ग्रंथकारांना समान श्रुती अभिप्रेत होत्या, त्यामुळे त्यांच्या सप्तकातून आजचे स्वर निघत नाहीत आणि निघावेत असा आग्रहही धरू नये, असे त्यांचे म्हणणे होते. प्रचलित गायनाच्या शास्त्रासाठी त्यांनी तुलनेने अलीकडचा आधार घेतला. सतराव्या शतकातील अहोबलाच्या संगीतपारिजातात स्वरस्थाने तंतूच्या लांबीवरून सांगितली आहेत. बारा स्वर, दहा थाट आणि प्रत्येक रागाची लक्षणे एवढ्या सामग्रीवर ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चा मराठी प्रपंच उभा राहिला. त्याचा पहिला भाग १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. काही रागांत गायक अतिकोमल स्वर लावतात हे भातखंड्यांना ठाऊक नव्हते असे नाही. वर्गीकरणासाठी त्याची आवश्यकता त्यांना वाटली नाही, इतकेच. बडोद्याच्या परिषदेत उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासावर त्यांनी वाचलेल्या निबंधाचा रोखही हाच होता. श्रुतींच्या पेटीला परिषदेची मान्यता मिळाली नाही.

या निकालाने भातखंडे बरोबर आणि देवल चुकले असे ठरविणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. मराठी बोलणारा ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतील दोन ‘च’ निरनिराळे उच्चारतो, परंतु लिहिताना एकच अक्षर लिहितो आणि त्याचे कोठे अडत नाही. भातखंड्यांचे बारा स्वर अशा लिपीसारखे आहेत. देवलांना त्या लिपीत न मावणारा उच्चार टिपावयाचा होता, आणि ही इच्छा शास्त्रीयच होती. त्यांची चूक पुढच्या पायरीवर झाली. एका गायकाच्या एका वेळच्या उच्चारावरून काढलेली संख्या त्यांनी सर्व गायकांसाठी शुद्धलेखनाचा नियम म्हणून पुढे ठेवली. अब्दुल करीम खाँ यांचा गळा ज्या प्रयोगात प्रमाण होता, त्या प्रयोगातून निघालेली पेटी पुढे इतरांच्या गळ्यांची परीक्षा घेऊ लागली. गायक साक्षीदार होता, तो आरोपी झाला. भातखंड्यांच्या बाजूलाही गायकाचे स्थान फार उंच नव्हते. उस्तादांकडून चिजा मिळवाव्यात आणि शास्त्र ग्रंथांतून पंडितांनी करावे, हीच तेथली विभागणी होती.

प्रत्यक्ष मोजणीला पुढे ध्वनिमुद्रणाची व विद्युत् उपकरणांची जोड मिळाली. नझीर जयराझभॉय आणि स्टोन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आणि मार्क लेव्ही यांनी १९८२ च्या ग्रंथात उत्तर हिंदुस्थानी कलावंतांच्या मुद्रित वादनगायनातील स्वर मोजले. एकच कलावंत, एकच राग, एकच स्वर, तरीही एकाच मैफलीत स्वराची जागा हलते, असे त्यांना दिसून आले. नैसर्गिक गुणोत्तरे, समविभागी सप्तक किंवा बावीस श्रुती यांपैकी कोणत्याही एका कोष्टकाशी ती स्थिरपणे जुळत नाही. श्रोत्याला मात्र तो स्वर ठिकाणावरच लागला असे वाटते. कोठून येऊन स्वर लागला, तो किती टिकला, आंदोलित होता की स्थिर, तंबोऱ्याच्या नादात तो कसा मिसळला, या साऱ्यांतून ते ‘ठिकाण’ ठरते. पेटीची पट्टी यांपैकी काहीच करू शकत नाही. मग तिच्यात सूर बारा असोत की बावीस.

श्रुतींच्या नावाने साध्या पेटीवर रोष ओढवला तो निराळ्या मार्गाने. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये आपल्या कार्यक्रमांतून पेटीला बंदी केली. ती १९७१ मध्ये अंशतः शिथिल झाली. त्या तीन दशकांत महाराष्ट्रातील मैफलींतून, नाट्यगृहांतून आणि कीर्तनांतून पेटी वाजतच होती, आणि तिच्या साथीने गाणाऱ्यांचे गांधार आपापल्या जागी लागतच होते. बावीस श्रुतींची पेटी घडविण्याचा खटाटोपही संपलेला नाही. एकविसाव्या शतकात ती महाराष्ट्रातच पुन्हा एकदा तयार झाली.