कर्जखतांची मुदत आणि घाटाखालचीं दप्तरें

ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड या तालुक्यांकडील सावकारी दप्तरें चाळतांना संग्राहकानें एक सावधगिरी बाळगणें अवश्य आहे. १८६२ नंतर एकाच कुळाच्या नांवें दर तीन वर्षांनीं खत आढळल्यास तें प्रत्येक वेळीं नवें कर्ज समजूं नये. पुष्कळदां कर्ज जुनेंच असून, दाव्याची मुदत बुडूं नये म्हणून तें नव्या कागदावर चढविलेलें असतें.

आपल्या शास्त्रकारांचा कल काळानें हक्क मारण्याकडे नव्हता. धन्यादेखत व त्याच्या हरकतीवांचून दुसऱ्यानें उपभोगिलेली भूमि २० वर्षांनीं व इतर धन १० वर्षांनीं जातें, असें याज्ञवल्क्य सांगतो. परंतु ही हानि फळाची, मूळ वस्तूची नव्हे, असा अर्थ विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत लाविला. गहाण, ठेव, सीमा व अज्ञान मुलाचें धन यांस तर हा नियमच लागू नाहीं. ऋणकोचें रक्षण मुदतीनें नव्हे, तर दामदुपटीनें होई : एका वेळीं व्याज मुदलाहून अधिक घेतां येत नसे.

मुंबई इलाख्यांत एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या पांचव्या कानूनें लेखी कर्जास १२ वर्षांची मुदत दिली. १८५९ चा चौदावा कायदा १८६२ पासून अंमलांत आला, आणि नोंदणी न झालेल्या खताची मुदत ३ वर्षांवर आली. साक्षीदार मेल्यावर जुनाट दावे उभे राहूं नयेत, हा हेतु. परिणाम मात्र उलटा झाला. मुदत भरत आली कीं सावकार दाव्याचा धाक घाली व कुळाकडून व्याजासह नवें खत लिहून घेई.

उदाहरणादाखल, दरमहा दरशेंकडा २ रुपये व्याजानें १०० रुपये कर्ज घेतलें असें धरूं. कांहींच फेड न झाल्यास तीन वर्षांनीं १७२ चें, सहा वर्षांनीं सुमारें २९६ चें व नऊ वर्षांनीं सुमारें ५०९ चें खत होतें. एकच खत राहिलें असतें, तर दामदुपटीमुळें मागणी २०० वर थांबली असती. व्याज मुदलांत मिळविल्यानें ती मर्यादाच निकामी झाली.

१८७५ च्या मे महिन्यांत सुप्यास दंगा उसळला, तेव्हां दंगेखोरांचा रोख या खतांवरच होता. चौकशी होऊन १८७९ चा सतरावा कायदा झाला. शेतकऱ्यावरील देण्याच्या दाव्यास नोंदलेल्या खतावर १२ व एरव्हीं ६ वर्षें मुदत मिळाली. परंतु आरंभीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांतच. म्हणून नाणेघाटावरील जुन्नरास एक मुदत व घाटाखालील मुरबाडास दुसरी, अकोल्यास एक व शहापुरास दुसरी, अशी स्थिति झाली. त्या वर्षांचें खत वाचतांना गांव घाटावरील कीं खालचें, हें आधीं पाहावें.

यास्तव खतांतील रक्कम रोख दिली कीं मागील बाकी धरली, हें वाचावें. रोजमेळाशीं व खतावणीशीं ताडून पाहावें. पाठीवरील वसुलीचे शेरे उतरून घ्यावे. पाठोपाठचीं खतें एकत्र ठेवावीं. सुटें केल्यास त्यांचा अर्थ हरपतो. निरक्षर ठाकूर-कातकऱ्यांची बाजू त्यांच्या हातच्या लेखांत मिळावयाची नाहीं. मुदलाचे आंकडे व त्यांखालील निशाणी यांवरूनच ती काढावी लागते.