‘मूळ’ मोटार : अमेरिकेतील घरगुती मोटारबांधणी आणि एका कल्पनेचे स्थित्यंतर

इ. स. १९६४ च्या हंगामासाठी जनरल मोटर्सच्या पाँटिअ‍ॅक विभागाने आपल्या ‘टेंपेस्ट ल मान्स’ या मध्यम आकाराच्या गाडीवर एक ऐच्छिक सरंजाम देऊ केला. तीनशे डॉलरांहून किंचित कमी किमतीच्या या सरंजामात ३८९ घन इंचांचे मोठे इंजिन होते आणि गाडीवर लावावयाची तीन अक्षरे होती : जी. टी. ओ. ही अक्षरे उसनी होती. इटलीतील फेरारी कंपनीच्या शर्यतीच्या गाडीवरून ती उचललेली होती. ‘ग्रान तुरिस्मो ओमोलोगातो’ या शब्दसमूहाची ती आद्याक्षरे होत. ‘ओमोलोगातो’ याच्या मुळाशी ग्रीक ‘होमोलोगोस’ म्हणजे ‘एकवाक्यता असलेला, संमत’ हा शब्द आहे. शर्यतीच्या परिभाषेत त्याचा अर्थ नियामक मंडळाने प्रमाणित केलेली गाडी असा होतो.

पाँटिअ‍ॅकची गाडी कोणत्याही मंडळाने प्रमाणित केलेली नव्हती. वस्तुतः तिचा जन्मच नियम चुकवून झाला. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असा जनरल मोटर्सचा दंडक होता. शर्यतींना साहाय्य करण्याचेही कंपनीने १९६३ च्या आरंभी बंद केले होते. जॉन डिलॉरियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून वाट काढली, ती व्याकरणातील पळवाटेसारखी होती : हे नवे मॉडेल नव्हे, जुन्या मॉडेलवरील ऐच्छिक जोड आहे, एवढेच म्हणावयाचे. पहिल्या वर्षी अशा ३२,४५० गाड्या खपल्या, आणि पळवाटेचा राजरस्ता झाला.

‘मसल कार’ या गाड्यांचा इतिहास बहुधा येथून सांगितला जातो. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र या गाड्या घरच्या घरी बांधणारी, बदलणारी व जतन करणारी माणसे हा आहे. या मंडळींत ‘मूळ’ या शब्दाला जो अर्थ आज आहे, तो आरंभी नव्हता. तो केव्हा व कसा आला, हे पाहू गेल्यास एका कारागीर-परंपरेने स्वतःच्या भूतकाळाशी कसा व्यवहार केला, याचे दर्शन घडते.

या परंपरेचा उगम जी. टी. ओ.च्या किमान तीन दशके आधीचा आहे. फोर्ड कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात ‘मॉडेल टी’ जातीच्या दीड कोटीहून अधिक गाड्या तयार केल्या. १९३२ मध्ये त्याच कंपनीने सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत आठ सिलिंडरांचे ‘व्ही-८’ इंजिन बाजारात आणले. २२१ घन इंच व ६५ अश्वशक्ती हे आकडे आज क्षुल्लक वाटतील. परंतु जुना हलका सांगाडा भंगारात अल्प मोलाने मिळू लागला आणि त्यात बसवावयास जोरकस इंजिनही मिळू लागले, हा योग दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांच्या पथ्यावर पडला. चिखलरक्षक काढून टाकणे, छप्पर कापून बुटके करणे, एका कार्बुरेटरच्या जागी दोन-तीन बसविणे हे उद्योग घराच्या मागील अंगणात चालत. मग म्युरॉकच्या कोरड्या सरोवराच्या सपाट तळावर गाडी नेऊन वेग मोजावयाचा. १९३७ साली या मंडळींच्या अनेक क्लबांनी मिळून ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन केली. महायुद्धानंतर विमानांच्या कारखान्यांत हात बसलेले आणि सैन्यातून परतलेले कारागीर यात आले. युद्धविमानांच्या टाकून दिलेल्या इंधनटाक्यांतून शर्यतीच्या गाड्यांची अंगे घडविण्यापर्यंत त्यांची मजल गेली. जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक निघाले आणि तोंडी विद्येला छापील रूप आले.

‘हॉट रॉड’ या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती सांगतात. एक ‘रोडस्टर’ या उघड्या गाडीच्या नावाचा संक्षेप मानणारी, दुसरी इंजिनातील दांड्यांकडे बोट दाखविणारी. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, या शब्दाने दर्शविलेली गाडी व्याख्येनेच बदललेली गाडी होय. कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली गाडी या मंडळींच्या लेखी कच्चा माल होती. तिला ते ‘स्टॉक’ म्हणत, आणि या शब्दात आदर नव्हता.

मसल कारने हा संबंध प्रथम ढिला केला. तरुणांनी अंगणात जे केले, तेच आता कारखाना हप्त्याने विकू लागला. तथापि बदलण्याची हौस थांबली नाही. मिशिगनमधील रॉयल ओक येथील ‘रॉयल पाँटिअ‍ॅक’ हे विक्रीकेंद्र ‘बॉबकॅट’ नावाचा सुधारणा-संच टपालाने पाठवीत असे, व ग्राहक तो घरी बसवीत. १९७० साली ही लाट शिगेस पोचली. त्या वर्षीच्या ‘शेव्हेल एस. एस.’ गाडीत ४५४ घन इंचांचे व ४५० अश्वशक्तीचे इंजिन मिळत असे. पुढील चार वर्षांत सारे आटोपले. विम्याचे दर भडकले, १९७० चा स्वच्छ हवा कायदा आला, कमी शिशाच्या पेट्रोलसाठी इंजिनांचे दाबप्रमाण उतरविण्यात आले आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांच्या तेलबंदीने उरलीसुरली हौस संपविली. या गाड्या जुन्या बाजारात कवडीमोलाने गेल्या, पोरासोरांच्या हाती पडल्या, शर्यतींत मोडल्या. पुढील मूल्य या नाशातूनच निर्माण झाले, हे विसरून चालणार नाही.

शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट गाडीच्या जतनकर्त्यांनी १९७४ मध्ये संस्था काढून गाड्यांच्या परीक्षणाची शिस्त घालून दिली. मसल कारच्या हौशी लोकांत तशीच दृष्टी पुढील काळात पसरली. आता प्रश्न निराळा झाला : ही गाडी किती वेगाने धावते, हा नव्हे, तर ती निघाली तशी आहे काय, हा. आणि येथे घरगुती कारागीर वाचक बनला.

हे वाचन किती सूक्ष्म असते, याचे एक उदाहरण देतो. १९६८ पर्यंतच्या ‘शेव्हेल एस. एस. ३९६’ गाड्यांच्या अनुक्रमांकावरून त्यांची जात ओळखता येते. १९६९ पासून मात्र ‘एस. एस.’ हा ऐच्छिक सरंजाम झाला आणि अनुक्रमांक त्याविषयी मूक झाला. मग साधी ‘मालिबू’ आणि दुर्मिळ ‘एस. एस.’ यांत फरक कसा करावयाचा? इंजिनाच्या पुढील बाजूस एक लहानशी सपाट पट्टी असते. तिच्यावर ‘टी ०३१२ सीआरव्ही’ अशी मुद्रा असल्यास ती टोनावांडा येथील कारखान्यात, १२ मार्च रोजी, हाताने गिअर बदलण्याच्या गाडीसाठी जुळविलेल्या ४५० अश्वशक्तीच्या इंजिनाची, असे वाचावयाचे. शिवाय ओतकामाची तारीख निराळी असते : महिन्यासाठी अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा अंक. ओतकाम जुळणीच्या आधीचे आणि जुळणी गाडीच्या आधीची असावयास हवी. हा क्रम उलटला की साक्ष खोटी ठरते. सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलेला, कारखान्यातील कामगारांसाठीचा बांधणीपत्रक-कागद. टाकी उतरविताना त्याचे तुकडे हाती लागावे, यासाठी माणसे श्वास रोखून काम करतात.

पाठचिकित्सा शिकलेल्या वाचकास यात ओळखीचे काही दिसेल. बनावट ताम्रपट वाचताना पुराभिलेखतज्ज्ञ अक्षरवटिका आणि राजाची कारकीर्द यांचा मेळ घालून पाहतो. येथेही तेच आहे. किंमत वाढली तसे कूटलेखही आले. जुना आकडा यंत्राने घासून काढावयाचा आणि नवा ठोकावयाचा. पण घासताना कारखान्याच्या यंत्राने उमटविलेल्या बारीक समांतर रेषाही जातात. म्हणून जाणकार भिंगातून प्रथम अंक पाहत नाही, रेषा पाहतो. अर्थात कूटकाराने रेषाही उमटविण्यास आरंभ केला. २०१४ साली सिअ‍ॅटल येथील लिलावात १९७१ ची ‘हेमी कुडा’ ही उघडी गाडी ३५ लाख डॉलरांना गेली, हे ध्यानी घेतले म्हणजे या खटाटोपाचे नवल वाटत नाही.

आणि जी. टी. ओ.? १९६४ व १९६५ च्या गाड्यांचा अनुक्रमांक त्या जी. टी. ओ. आहेत की नाहीत, हे सांगत नाही, कारण कागदोपत्री त्या स्वतंत्र मॉडेल नव्हत्या. त्या दोन वर्षांच्या गाडीच्या मालकाला कारखान्याच्या विक्रीपत्रकाची प्रत मिळवावी लागते. ज्या नावात प्रमाणित असल्याचा पोकळ दावा होता, त्या नावाची गाडी आज प्रमाणपत्रावाचून विकली जात नाही.

या काळात शब्दांचीही उलथापालथ झाली. साध्या गाडीवरून केलेल्या प्रतिकृतीस आधी ‘क्लोन’ म्हणत. विक्रेत्यांना तो शब्द अडचणीचा वाटू लागला तेव्हा ‘ट्रिब्यूट’, म्हणजे मानवंदना, हा शब्द पुढे आला. वस्तू तीच, नाव सौम्य. भाषाशास्त्रात ज्याला अर्थोत्कर्ष म्हणतात, त्याहून ही निराळी क्रिया आहे. येथे शब्दाचा अर्थ वर चढला नाही, अर्थासाठी वरच्या आळीतला शब्द भाड्याने आणला. ‘स्टॉक’ या शब्दातील तुच्छता मात्र खरोखरच लोपली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तर डायनाकॉर्न कंपनीने १९६९ च्या ‘कॅमॅरो’चे संपूर्ण नवे पोलादी अंग विक्रीस काढले, आणि मूळ गाडीचा एकही पत्रा नसलेली ‘जुनी’ गाडी घरी जुळविणे शक्य झाले.

घरच्या गराजमध्ये हे काम वर्षानुवर्षे चालते. गाडीचे उघडे अंग दोन टोकांना धरून गोल फिरविता येईल अशा चौकटीवर चढविलेले असते. खिळे-बोल्ट नावे लिहिलेल्या पिशव्यांत असतात. कारखान्यातील कामगाराच्या हातून घाईत ओघळलेला रंग, तपासनिसाने खडूने केलेली खूण, नको तेथे उडालेले फवाऱ्याचे शिंतोडे हे सारे छायाचित्रे पाहून पुन्हा काढले जाते. मूळ कामगाराने जे बेफिकिरीने केले, ते त्याचा नातू शोभणारा माणूस अतीव काळजीने करतो. या श्रमांचे मला कौतुक वाटते. पण त्यांतील ऐतिहासिक गृहीतक तपासून घेतले पाहिजे. कारखान्याच्या दारातून बाहेर पडताना गाडी जशी होती, तशी ती फार थोडा काळ राहिली. घेणाऱ्याने बहुधा पहिल्या आठवड्यातच नवी चाके बसविली, नळकांडी बदलली, हर्स्टचा गिअर-दांडा लावला. ज्या स्थितीत ती लोकांनी वापरली व पाहिली, ती स्थिती ‘मूळ’ नव्हतीच. महाभारताच्या पुणे आवृत्तीने उत्तरकालीन श्लोक मुख्य संहितेबाहेर काढले, पण टीपांत व परिशिष्टांत जपले. मोटारींच्या बाबतीत मात्र उत्तरकालीन भाग काढला की तो भंगारातच जातो.

याची जाणीव झाल्याचे चिन्ह म्हणजे ‘डे टू’ हा नवा शब्द. दुसऱ्या दिवसाची गाडी, अर्थात खरेदीच्या दुसऱ्या दिवशी मालकाने जशी केली तशी. या पंथाचे लोक १९६० च्या दशकातील सुटे भाग हुडकतात. १९६४ पासून मिळू लागलेली क्रॅगरची चकचकीत चाके, त्या वेळचे फेरेमापक घड्याळ, त्या वेळचीच चिकटपत्रे. बदल तेवढे जुने हवेत, असा त्यांचा नियम.

ज्याच्या गाडीच्या दर्शनी फळीला पहिल्या मालकाने गिरमिटाने एक छिद्र पाडलेले असते, त्याची कसोटी येथे लागते. ते छिद्र फेरेमापकाच्या तारेसाठी असते. कारखान्याच्या नकाशात ते नाही, म्हणून परीक्षक त्याचे गुण कापतो. पत्रा जोडून ते बुजविणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि पुष्कळ जण ते बुजवितात. काही जण छिद्राची कड गंजू नये म्हणून तिला रंगाचा एक पातळ हात देतात आणि तसेच राहू देतात.