मताविना बोललेले शब्द

भिवंडीच्या निजामपुऱ्यातील घरपट्टीचा दर महानगरपालिकेच्या सभेने ठरवावा, असे कायदा सांगतो. कर देणाऱ्याच्या प्रतिनिधीला ‘नाही’ म्हणता यावे, या साध्या वाटणाऱ्या तत्त्वासाठी इंग्लंडमध्ये रक्त सांडले. पार्लमेंटच्या संमतीवाचून कर घेणार नाही, हे पहिल्या चार्ल्सने १६२८ मध्ये मान्य केले. पण पुढल्याच वर्षापासून त्याने पार्लमेंट न बोलावता ११ वर्षे राज्य केले आणि किनाऱ्यावरच्या गावांची जहाजपट्टी आतल्या परगण्यांवरही लादली. स्कॉटलंडशी युद्ध होऊन खजिना रिता झाला, तेव्हा १६४० मध्ये त्याला पार्लमेंटपुढे यावेच लागले. १६४९ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. १६८९ च्या हक्कांच्या कायद्याने ते तत्त्व पक्के केले.

हेच इंग्लंड हिंदुस्थानात मात्र राजाच्या जागी होते. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातील सभासदांना अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा दिली, मत देण्याची नाही. या कोंडीला गोपाळ कृष्ण गोखले यांनी दोन उत्तरे दिली. १९०१ मध्ये मुंबई कौन्सिलात, सरकारजमा जमिनी परत देताना रयतेचा हस्तांतराचा हक्क काढून घेणारे विधेयक आले, तेव्हा फिरोजशहा मेहता यांच्यासह त्यांनी सभात्याग केला. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास, व्हाइसरॉयच्या कौन्सिलात, ते बोलले. सरकार शिलकीचे कौतुक करीत होते. दुष्काळाने खंगलेल्या देशात शिल्लक उरते, याचा अर्थ कर गरजेहून अधिक आहेत, असे त्यांनी सरकारी आकड्यांनीच दाखवून दिले आणि मिठावरील कर कमी करण्याची मागणी केली.

या भाषणाच्या संयमाला मवाळपणा म्हणून बाजूस सारणे आम्हांस अन्यायाचे वाटते. ज्याच्या हाती मत नाही, त्याला प्रतिपक्षाच्या चोपडीतूनच पुरावा काढावा लागतो. गोखल्यांच्या शैलीचा जन्म या अभावातून झाला. १९०३ मध्ये मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

परंतु सवलत म्हणजे हक्क नव्हे. १९२३ मध्ये मताचा अधिकार मिळालेल्या मध्यवर्ती विधिमंडळाने मीठकर दुप्पट करण्यास नकार दिला, तेव्हा व्हाइसरॉय रीडिंग यांनी विशेषाधिकाराने तो लादला. सभेत न चाललेला नकार १९३० मध्ये शिरोडा आणि वडाळा येथील मिठागरांवर उभा राहिला.

निजामपुऱ्याच्या घरपट्टीवर उद्या एखादा हात वर होईल, तेव्हा त्यामागे हा सारा इतिहास असेल. मत हाती असलेल्यांनी गोखल्यांइतके आकडे वाचावेत, एवढीच आमची अपेक्षा.